उजव्या खुब्यातली नस

१३ जानेवारी, सोमवार

मेडिकल कॉलेजची खुब्याची सहाही मॉडेल साच्यातून सुटली. सांधा कुठं दिसत नाही, हात फिरवला तरी लागत नाही. पाचव्याच्या माकडहाडाशी एक बुडबुडा राहिला होता, तो भरला, पॉलिश पेपर मारला. आता रंग. स्नायू तांबडे, नसा पिवळ्या. डब्यातला पिवळा मी तसाच लावत नाही, जेजुरीच्या भंडाऱ्यासारखा दिसतो. पांढऱ्यात पिवळा, आणि अगदी कणभर तपकिरी. इनामदार मॅडम म्हणाल्या होत्या, "कांबळेकाका, खऱ्या नसेचा रंग एवढा जवळचा कुणी दिला नाही." त्या मेडिकलच्या पोरांना प्रेतं उकलून शिकवतात. त्यांनी खरं म्हटलं म्हणजे खरं.

पाटावर बसलं की उजव्या कुल्ल्यात ठणका. आजही. उठलो की कमी, चाललो की आणखी कमी.

१५ जानेवारी, बुधवार

हाडाच्या डॉक्टरांकडं गेलतो. बायको शोभा बरोबर. (तिला नको म्हटलं तरी ती येते.) कमरेचा एमआरआय त्यांनी उजेडावर धरला. "दोन मणक्यांमधल्या गाद्या थोड्या बाहेर आल्यात. या वयात दिसतं असं. गोळ्या घ्या. दुखणं नाहीच थांबलं तर ऑपरेशनचं बघू."

मी म्हटलं, खोकलो तर दुखत नाही. शिंकलो तर नाही. वाकलो तर नाही. फक्त बसल्यावर. मग मणका कसा?

"कांबळे, तुम्ही मूर्ती करा. मणके मी बघतो."

बाहेर आल्यावर शोभा तोंडाला पदर लावून हसत होती. म्हटलं, हसायला काय झालं? "काय न्हाय. कुणीतरी तुमास्नी गप बसवलं, म्हणून."

शाळा नववीपर्यंत झाली, मान्य. पण शरीर मी जुन्या बाजारातल्या पुस्तकांतून शिकलो. इंग्रजी शब्द एकेक डिक्शनरीत बघून. बुद्धमूर्ती करणारे या जिल्ह्यात पुष्कळ, हाडापासून कातडीपर्यंत जाणारा मी एकटा. आणि मला सांगतात मूर्ती करा.

१७ जानेवारी, शुक्रवार

सापडलं!

तिसरं मॉडेल टेबलावर ठेवलं, एक हात त्याच्यावर, एक हात स्वतःच्या कुल्ल्यावर. ठणक्याची जागा बोटानं धरली, तीच जागा मॉडेलवर मोजली. बरोबर पिरीवर. (पिरिफॉर्मिस. माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडापासून मांडीच्या हाडाच्या टोकापर्यंत आडवा गेलेला नासपतीच्या आकाराचा स्नायू. मी त्याला पिरी म्हणतो.) त्याच्या खालच्या कडेखालून मोठी नस बाहेर पडते आणि थेट पायाच्या बोटापर्यंत जाते. अंगातली सगळ्यात जाड नस. पिरी आवळला की नस चेपणार, बसलं की आणखी चेपणार. सगळं जुळतं. मणक्याचा संबंध नाही.

डॉक्टरांच्या दारावर जाऊन सांगावंसं वाटलं. नाही गेलो. आधी बरा होतो, मग जातो. चालत.

२० जानेवारी, सोमवार

आवळलेला स्नायू दाबून धरला की सैल पडतो. हे पुस्तकातही आहे आणि तालमीतल्या मालिशवाल्यालाही माहीत आहे. पण मालिशवाला अंदाजानं कोपर मारतो. मला अंदाज चालत नाही.

म्हणून मॉडेलवरूनच साचा काढला. बसायच्या पाटावर उजव्या बाजूला फायबरचा उंचवटा ओतला, लिंबाएवढा. असा बसवला की बरोबर पिरीच्या पोटावर येईल. नस खालच्या कडेतून निघते, ती उंचवट्यापासून दोन बोटं लांब राहते. परकारानं तीनदा मोजलं. स्नायूवर दाब, नसेला धक्का नाही. काम करता करता उपाय.

शोभा : "हे काय ओतलंय? महादेवाची पिंडी?"

२४ जानेवारी, शुक्रवार

पाटावर रोज. पहिले दोन दिवस जीव गेला. आज ठणका अर्धा. नेसरीच्या विहाराची मूर्ती घेतली हातात. मांडी घालून बसलेला बुद्ध, अडीच फुटी. डावी बाजू मातीत पुरी झाली की वरून दोरीचा ओळंबा सोडायचा, मधली रेघ धरायची, आणि डावं ते उजवं मोजून उतरवायचं. माझ्या कुठल्याही मूर्तीचे दोन खांदे मोजा, सूतभर फरक निघणार नाही. मॉडेलंही अशीच. एक बाजू पुस्तकावरून, दुसरी परकारावरून.

२८ जानेवारी, मंगळवार

ठणका गेला! सगळा. कुल्ला गार, शांत. बोटानं दाबलं तर मधली जागा जरा बधिर. म्हणजे पिरी सैल पडला.

बंडा आला चहाला. शाळेपासूनचा दोस्त, रिक्षा चालवतो. पाट बघून बसूनच बघितलं.

"मिल्या, लई झ्याक हाय की रं! माझी कंबर दिवसभर सीटवर मोडती. मला पण एक ओत की मर्दा."

"तुझं माप घ्यायला लागेल."

"माप कशाला? माझं बूड काय येगळं हाय?"

तेही खरंच. दोन दिवसांत ओतून देतो.

३१ जानेवारी, शुक्रवार

बंड्याला दिला. त्यानं तो रिक्षाच्या सीटवर बसवला आणि पॅसेंजरला दाखवत हिंडतो. "आमच्या दोस्ताचं संशोधन हाय." बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

२ फेब्रुवारी, रविवार

महाद्वार रोडवर गेलतो, ब्रश घ्यायला. गर्दी. मागून कुणीतरी ओरडतंय, "ओ पावणं! ओ पांढरा सदरा!" मी बघितलं नाही. पांढरे सदरे शंभर होते.

"ओ पावणं, चप्पल राहिली की तुमची!"

खाली बघितलं. उजवा पाय अनवाणी. चप्पल मागं, उसाच्या रसाच्या गाडीपाशी पडलेली. तिथून इथवर मी रस्त्यावर उघड्या पायानं आलो. खडे, चिखल, सांडलेला रस. काहीही कळलं नाही.

तो माणूस चप्पल हातात घेऊन आला. "एवढा कसला इचार करालाय?" म्हणून हसला. मी पण हसलो.

घरी येऊन पाय धुतला. तळव्याला खडा रुतून रक्त आलेलं. पायाच्या वरच्या बाजूला चिमटा काढला. लांबून कुणीतरी दुसऱ्याला काढावा तसा.

चप्पल सैल झाली असेल.

३ फेब्रुवारी, सोमवार

सैल नाही. घट्ट आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

जयसिंगपूरला निघालो होतो मेव्हण्याकडं, मोटरसायकलवर. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या. मागची एकदम थांबली. ब्रेक दाबायला पाय उचलला आणि पंजा उचललाच गेला नाही. गुडघा वर आला, पंजा तसाच खाली लोंबला. ब्रेकच्या पट्टीखाली गेला. हातातला ब्रेक दाबला म्हणून. नाहीतर

गाडी कडेला लावली. एक ऊसवाला म्हणाला, "पाणी देऊ काय?" पाणी पिलो. जयसिंगपूरला गेलो नाही. पहिल्या गिअरवर घरी आलो.

पलंगावर पाय लांब करून बसलो. डावा अंगठा म्हटलं, वर. वर आला. उजवा अंगठा, वर. नाही. पुन्हा म्हटलं. मी बघत होतो त्याच्याकडं. माझाच अंगठा. मी सांगतोय आणि तो ऐकत नाही.

कुणाला सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

शोभाच्या कानातून काही सुटत नाही. स्वयंपाकघरातून ओरडली, "अवो, चालताना तुमचा पाय चप चप का वाजतोय?"

"फरशी ओली आहे."

"फरशी मी अजून पुसली न्हाय."

समोर येऊन उभी राहिली. "चाला बघू." चाललो. ती नुसती पायाकडं बघत राहिली. ती गप्प राहते तेव्हा मला भीती वाटते.

तरी पाटावर बसतोच आहे. वाटलं, मुळातून सुटताना आधी थोडं वाढत असेल.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नीट लिहितो. क्रमानं.

मॅडमचा फोन आला. मॉडेल घेऊन या, आणि एक गंमत दाखवायची आहे. बंड्याच्या रिक्षातून गेलो. प्रेतांच्या हॉलमध्ये तोच वास, डोळ्यांत पाणी आणणारा. दारातच हात जोडले, नेहमीसारखे. कुणाचे तरी आईबाप असतात, शिकायला देह देऊन गेलेले.

टेबलावर म्हातारा माणूस पालथा. दोन्ही कुल्ले उकललेले. मॅडम म्हणाल्या, "काका, आधी डावी बाजू बघा." बघितली. पिरी, त्याच्या खालून नस. जशीच्या तशी माझ्या मॉडेलसारखी. मान हलवली. "आता उजवी."

उजवीकडं पिरी एक नव्हताच. दोन फाकांत फाटलेला. नसेचे दोन भाग झालेले. एक खालून निघतो, आणि दुसरा, पांढरट पिवळा, बरोबर माझ्या रंगाचा, त्या दोन फाकांच्या मधून. स्नायूच्या पोटातून.

मी म्हटलं, "कुणी पोरानं चुकीचं कापलंय."

"नाही काका. जन्मापासूनच असं."

"मग हे बिघडलेलं शरीर आहे."

"बिघडलेलं नाही. हा माणूस म्हातारा होईपर्यंत चालला, शेती केली. काही लोकांत असतंच असं. कुणात एका बाजूला, कुणात दोन्ही. बहुतेकांना मरेपर्यंत पत्ता लागत नाही."

मी म्हटलं, एवढी वर्षं तुम्ही मला हे सांगितलं नाहीत! आवाज चढला. पोरं बघायला लागली.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मागं दोनदा मी म्हणाले होते, की एकदा येऊन वेगवेगळी शरीरं बघा. तुम्ही म्हणालात, खुबा मला पाठ आहे."

म्हणालो होतो. शब्द न् शब्द.

विचारलं, "मॅडम, अशा माणसाला पिरीच्या पोटावर, वरून, रोज, कडक वस्तूनं दाब दिला तर?"

"तर सरळ नसेवर. का?"

दाराकडं निघालो. पंजा फरशीवर वाजला. चप. चप. मागून त्यांचा आवाज आला, अगदी हळू. "काका. थांबा. पाय असा का टाकताय?"

पोरांनी स्टूल दिलं. त्याच्यावर बसायचीही भीती वाटली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पाट बाहेर काढला. कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून ठेवला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅडमनी चिठ्ठी दिली म्हणून खुब्याचाच एमआरआय झाला, कमरेचा नव्हे. आज रिपोर्ट घेऊन त्याच डॉक्टरांकडं. पिशवी घेऊन शोभा मागून. मला वाटलं पिशवीत पाण्याची बाटली असेल.

डॉक्टरांनी फिल्म लावली. मग पेनानं दाखवलं. डावीकडं, पिरीखालून नस. उजवीकडं, पिरी दोन फाकांत, नसेचा एक भाग मधून. सुजलेला.

माझ्या आत. बावन्न वर्षं माझ्या आत हे होतं. तिकडं मी परकार लावून उजवी बाजू डावीसारखी करत बसलेलो. इकडं, त्याच कुल्ल्यावर बसून.

डॉक्टर म्हणाले, "मान्य करतो कांबळे. मणका नाही. तुम्ही म्हणालात तेच." हे ऐकायला मी महिनाभर जीव टाकत होतो. ऐकलं, आणि काहीच वाटलं नाही.

"पण नस इतकी कशानं चेपली? पडलात का कुठं?"

मी तोंड उघडायच्या आत शोभानं पिशवीतून पाट काढला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. धप्पकन. "ह्याच्यावर पडले. रोज. सकाळपास्नं दिवेलागणीपर्यंत."

डॉक्टरांनी उंचवट्यावर बोट फिरवलं. माप विचारलं. मी सांगितलं कसं काढलं. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "काम चोख आहे. तुमच्या डाव्या बाजूला चाललंही असतं."

"ठणका गेला होता," मी म्हटलं. "मला वाटलं उपाय लागू पडला."

"ठणका गेला नव्हता. नस बोलायची बंद झाली."

पंजा परत उचलेल का? "सांगता येत नाही. दाब काढलात, हे चांगलं. पंज्याला आधाराची पट्टी लावा, व्यायाम करा. तीन आठवड्यांनी नसेची चाचणी करू, विजेचा झटका देऊन. नस जागी होत असेल तर थांबायचं. नसेल तर उघडून तो स्नायू मोकळा करायचा. तोवर गाडी चालवायची नाही."

बंड्याच्या रिक्षातून परतलो. घराजवळ आल्यावर शोभा म्हणाली, "मला एकदा तरी इचारायचं. मी म्हटलं असतं, मऊ उशी घ्या."

१५ फेब्रुवारी, शनिवार

मध्येच आठवलं. बंडा! त्याच्या सीटवर दुसरा पाट. काल आम्ही त्याच्याच रिक्षातून आलो, आणि माझ्या डोक्यात सुद्धा आलं नाही. पॅसेंजर भरून हिंडतोय, आणि रिक्षाचा ब्रेक उजव्या पायाला!

स्टँडवर गेलो. पट्टी लावलेला पाय बघून त्याचे सगळे दोस्त उठून उभे. मी म्हटलं, बंड्या, चप्पल काढ. अंगठा उचल.

"हितं? स्टँडवर?"

"उचल म्हणतो ना!"

दोन्ही उचलले. वर हलवूनही दाखवले, नाचवल्यासारखे. सगळे हसायला लागले. मला तिथंच रडू येईल असं वाटलं.

"पाट दे परत."

"का? मला लई झ्याक वाटालंय. कंबर दुखायची ऱ्हायली माझी."

"आत तुझं काय आहे ते मला माहीत नाही, बंड्या."

"मला तरी कुठं म्हाईत हाय!"

समजावलं. नस, स्नायू, दोन फाका, सगळं. तो ऐकत होता, पण माझ्या तोंडाकडं नाही, पायाकडं बघून. मग गुमान सीटवरचा पाट उपसला. "घे बाबा. पण एक सांग. तुला तर सगळं पाठ हुतं न्हवं?"

टोमणा नव्हता. खरंच विचारत होता. म्हणून जास्त लागलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दोन्ही पाट फोडले. हातोडी उजव्या हातात, भार डाव्या पायावर. फायबर लवकर फुटत नाही. चांगला ओतला होता.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

व्यायाम. शोभा पंजा धरून वर ढकलते, मी तिच्या हाताविरुद्ध उचलायचं. ती : "लावा जोर." मी : "लावलाय." "कुठं? मला तर काय लागंना." तिच्या हाताला काही लागत नाही. सगळा जोर कपाळावर येतो.

आज एकदम म्हणाली, "त्या म्हाताऱ्याचं पण असंच हुतं न्हवं? तो तर चालला जन्मभर." "त्यानं पाट ओतला नव्हता," म्हटलं. मग दोघंही हसलो. या महिन्यात पहिल्यांदा.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमना फोन केला. सहा मॉडेल परत द्या म्हटलं. दोन्ही बाजू सारख्या आहेत, चूक आहे.

"चूक नाही काका. बहुतेकांचं तसंच असतं. पोरांना आधी तेच शिकायला लागतं."

"आणि बाकीच्यांचं?"

"ते तुम्ही करून द्या. आमच्याकडं असं मॉडेल नाहीच."

हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. मांडी घालता येत नाही, खुर्चीवर उशी घेऊन काम कसं होतं ते बघायचं.

नेसरीची मूर्ती ओल्या फडक्यात तशीच आहे. फडकं काढून बघितलं. पद्मासनात उजवा पाय वर, डावा खाली. म्हणजे दोन्ही खुबे सारखे वळूच शकत नाहीत. आणि मी सारखे केलेत. दर वेळी. कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या सुद्धा नाही. ओळंबा हातात घेतला आणि पुन्हा खिशात ठेवला.

२ मार्च, रविवार

खुर्चीवर बसून नव्या खुब्याला पहिल्यांदा माती लावली. डावी बाजू हात आपोआप करतो. उजव्या बाजूला परकार लावला नाही. समोर माझीच फिल्म, खिडकीच्या काचेला चिकटवलेली. पिरीच्या दोन फाका केल्या. मधून नस सोडायची तर दर खेपेला हात थांबतो. एवढ्याशा फटीतून. तीन वेळा केली, तीन वेळा मोडली. चौथ्यांदा बसली. सुजलेल्या जागी जाड.

विचित्र वाटतं. दुसऱ्याचं शरीर मी सहज करत होतो.

५ मार्च, बुधवार

दोन दिवसांवर चाचणी. पलंगाच्या पायथ्याला, पायाच्या बाजूला फळी उभी केली, टाच एका खुणेवर. अंगठा जिथपर्यंत जाईल तिथं पेन्सिलीची रेघ. परवाची रेघ आहे, न हललेल्या अंगठ्याचीच. म्हणजे काही नाही.

आज वाटलं, हलला. म्हणजे अंगठ्याच्या मागच्या शिरेत काहीतरी सरकलं. पण स्वतःच बघतो तेव्हा मान पुढं जाते आणि नजर फसते. शोभाला बोलावलं. म्हटलं, मी डोळे मिटतो, तू बघ, आणि जिथं दिसेल तिथं रेघ मार. मोजून.

मिटले. सगळा जोर लावला. पेन्सिल फळीवर घासल्याचा आवाज आला.

डोळे उघडले. नवी रेघ परवाच्या रेघेच्या दोन सूत तरी वर.

"खोटं नको, शोभा."

"मला दिसलं तितं मारली."

"खरंच दिसलं?"

"तुमचं डोळं मिटल्यालं हुतं. मग मीच बघणार की!"

पुन्हा केलं, या वेळी डोळे उघडे ठेवून. मला अंगठा परवाच्या रेघेच्या वर गेलेला दिसला नाही. तिला दिसला. रबर घेऊन तिची रेघ पुसायला हात पुढं गेला, तिनं मनगट धरलं. "ऱ्हाऊ द्या. शुक्रवारी बघूया कुणाचं खरं."

दोन्ही रेघा फळीवर आहेत.